राहिलेलं बारसं

आमच्या सिंधूबाईंनी माणसाला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. मला सोडून. आणि मलासुद्धा 'आबेदा' म्हणायला त्यांनी लई वर्षं लावली, तोवर मी नुसती 'अहो' होते. वाचनालयात येणाऱ्या मुली झाडून सगळ्या 'ए पोरी', मुलं 'ए पोरा', आणि पेपर वाचायला येणारे म्हातारे 'काका'. मी म्हणायचे, बाई, पुस्तकाचा नंबर तुम्ही झोपेतसुद्धा सांगाल, मग माणसाचं नाव घ्यायला काय जीभ झिजते का? त्या मान वर करून माझ्याकडं बघायच्या आणि परत शिक्के मारायला लागायच्या. माझं तोंड आधीच तिखट. समोरच्यानं उलटून बोललं की मला बरं वाटतं. असल्या मुक्या माणसापुढं माझा जीव नुसता जळायचा. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा राग यायचा.

मी लातूरचीच. गंजगोलाईच्या मागं आमचं घर, अब्बांचं पुस्तकबांधणीचं दुकान. त्या ओळखीवर मी लग्नाआधीच वाचनालयाच्या काउंटरवर लागले आणि तिथंच म्हातारी झाले. बाई आल्या त्या भूकंपानंतर काही वर्षांनी, ग्रंथपालाचा कोर्स करून. किल्लारीकडच्या आहेत एवढंच कळलं. त्या काळात आमच्याकडं 'किल्लारीकडची' म्हटलं की पुढं कुणी काही विचारायचं नाही. आम्ही शहरातली माणसं, आमच्या भिंतींना तडे गेले, आम्ही भीतीनं गल्लीत बाजा टाकून झोपलो, पण आमची माणसं जिवंत राहिली. तिकडं आख्खी गावं दगडामातीखाली गेली. बाईंच्या घरचं कुणी उरलं नाही असं कानावर आलं, आणि मीही तोंडाला कुलूप लावलं. माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल ते माझं मलाच ठाऊक.

बाईंचा चहा रोज गार व्हायचा. साय धरायची, मग त्या एका घोटात पिऊन टाकायच्या, चांगला की वाईट काही नाही. रस्त्यावरनं मोठा ट्रक गेला की आमच्या जुन्या खिडक्या थरथरायच्या. भूकंप बघितलेली आम्ही सगळी माणसं दाराकडं पळायचो आणि मग एकमेकांना हसायचो. बाई उठायच्या नाहीत. टेबलावरची शाईची बाटली तेवढी हातानं धरून ठेवायच्या.

पुढं लातुरात क्लासचं पेव फुटलं. गावागावांतली पोरं डॉक्टर व्हायला, इंजिनियर व्हायला इथं येऊन पडली. जिकडं बघावं तिकडं होस्टेल, मेस आणि गल्लीच्या तोंडाला पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. आमचं वाचनालयही त्यात बदललं. कादंबऱ्या न्यायला येणाऱ्या बाया घरी टीव्हीपुढं बसल्या आणि त्यांच्या जागी ही पोरं आली. त्यांना आमची पुस्तकं नको होती. खुर्ची, पंखा आणि मोबाइल लावायला पिन एवढं मिळालं की झालं. दोन वर्षं रोज येऊन एक कपाट न उघडलेली पोरं मी बघितली आहेत.

त्यातलीच एक उदगीरची रुद्राणी. पहाटे पहिल्या बॅचला जायची आणि तिथनं सरळ आमच्याकडं यायची. फिजिक्सचं पुस्तक उघडायची, त्यावर कपाळ टेकायची आणि गाढ झोपायची. घरून डॉक्टर व्हायला पाठवलं होतं, आणि इथं पोरगी झोप पुरी करायची. संध्याकाळी बंद करताना तिला उठवणं हे एक काम होऊन बसलं होतं. मी एकदा बोलून गेले की भूकंप झाला तरी ही उठायची नाही. लातुरात आम्ही असं सहज बोलतो. बोलले आणि जीभ चावली, कारण बाई मागंच उभ्या होत्या. त्यांनी काही दाखवलं नाही. पोरीच्या खुर्चीला हलकेच धक्का दिला, 'ए पोरी, वेळ झाली' म्हणाल्या आणि दिवे घालवायला गेल्या.

मग बाई नांदेडला ग्रंथपालांच्या कसल्याशा शिबिराला गेल्या आणि तिथनं विकी घेऊन आल्या. म्हणजे सोबत काही आणलं नाही, डोक्यात घेऊन आल्या. मला समजावलं की संगणकावर वाचनालयाची पानं करायची. ज्याला जे ठाऊक ते त्यानं तिथं लिहायचं, चुकलं तर दुसऱ्यानं दुरुस्त करायचं. म्हटलं, म्हणजे एसटी स्टँडच्या मुतारीची भिंत. बाई म्हणाल्या, भिंतीवर लिहिलेलं पुसलं की गेलं. इथं कुणी काय लिहिलं, कुणी काय पुसलं, सगळं मागं राहतं आणि परत आणता येतं. हे सांगताना त्यांचा आवाज जरासा वेगळा लागला. मला वाटलं, चला, बाईंना कशाचं तरी कौतुक वाटलं.

सुरुवातीला फजितीच झाली. पोरांनी सिनेमातल्या हिरोंची नावं लिहिली, कुणी कुणाच्या नावापुढं बदाम काढले, एकानं तर नियमांचं आख्खं पान उडवून टाकलं. मी म्हटलं, करा बंद हे खूळ. बाईंनी एक बटण दाबून पान परत आणलं आणि त्या पोराला त्याच पानाची राखण करायला बसवलं. कुणाला रागावल्या नाहीत. हळूहळू पोरं कामाचं लिहायला लागली. कोणत्या मेसची पोळी कच्ची असते, जुन्या प्रश्नपत्रिका आमच्या कुठल्या कपाटात आहेत, लाइट गेल्यावर इन्व्हर्टरचं कुठलं बटण दाबायचं. हे शेवटचं मी सांगितलं होतं बरं का, आणि खाली 'सांगणार : आबेदा' असं माझं नाव आलं. मी ते घरी सगळ्यांना दाखवलं.

बाईंची एक खुबी होती. त्या पान कधी पुरं लिहायच्या नाहीत. अर्धं लिहून मधेच रिकामी जागा सोडायच्या. म्हणायच्या, पुरं पान कुणी वाचत नाही, अर्धं पान बघितलं की माणसाचा हात शिवशिवतो. आणि खरंच तसं व्हायचं. 'वाचनालयाची इमारत आधी कशाची होती' एवढंच लिहून त्यांनी सोडून दिलं, तर पेपर वाचायला येणाऱ्या काकांची त्यावर भांडणं लागली. कुणी म्हणे अडत, कुणी म्हणे निजामाच्या वेळचं नाकं. बाईंनी दोन्ही ठेवलं, ज्याचं त्याचं नाव घालून. त्यांचा नियमच होता की दुसऱ्याचं पुसायचं नाही, पटत नसेल तर खाली आपलं लिहायचं. आमचं पाहून आजूबाजूच्या वाचनालयांतली माणसं शिकायला यायची आणि बाई सगळ्यांना तेच सांगायच्या. थोडं लिहा, जागा सोडा, पुसू नका.

मग पुनम आली. ही कवठाळीची पोरगी. म्हणजे नव्या कवठाळीची, कारण जुनं गाव भूकंपात गेलं आणि सरकारनं दूर माळावर एकसारख्या घरांचं नवं वसवलं. पुनम जन्मली ती तिथंच. तिनं एकदा काउंटरवर विचारलं की आमच्या जुन्या गावावर एखादं पुस्तक आहे का. तिची आजी सारखी 'आपलं घर वेशीपासनं तिसरं' असं सांगायची आणि पोरीला वेसच माहीत नव्हती. मी शोधलं. सरकारी अहवाल निघाले. किती मेले, किती घरं पडली, किती बांधली, बाकी काही नाही. बाई जवळच उभ्या होत्या. त्या संगणकापाशी गेल्या आणि त्यांनी नवं पान उघडलं. 'जुनी कवठाळी. वेशीतून आत आलं की डाव्या हाताला' एवढं लिहिलं आणि पुढची जागा सोडून उठल्या.

ते पान म्हणता म्हणता वाढलं. पुनमनं आजीला फोन लावला, आजीनं शेजारणीला जवळ घेतलं, आणि रविवारी तर नव्या गावातली माणसं टमटम करून आमच्याकडं यायला लागली. पोरं अभ्यास सोडून त्यांचं सांगणं टाइप करायची. हे दगडी जोत्याचं घर, इथं शिंप्याचं दुकान, इथं मशिदीमागं मोमिनाचं घर, त्याची बायको बाळंतिणींना तेल लावायची. घरागणिक गेलेल्यांची नावं यायची. सांगताना एखादी बाई मधेच थांबायची आणि पोरं की-बोर्डवर हात धरून तशीच बसायची. मला तिथं थांबवत नव्हतं, मी उगाच पाणी आणायला उठायची. बाई मात्र सगळं ऐकायच्या आणि कुठं मात्रा चुकली तर बोट दाखवायच्या. चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. मला मनातनं वाटायचं की ह्या बाईला काळीज आहे की नाही.

एका सकाळी मी पान उघडलं तर एक नवीन घर दिसलं. ते बाईंनीच लिहिलेलं होतं. 'चंद्रप्पाचं घर, मारुतीच्या देवळामागं. गेले ते चंद्रप्पा, त्यांची आई बसम्मा आणि एक मुलगी.' मुलीच्या पुढं नावाची जागा रिकामी होती. मला वाटलं, नेहमीसारखी सोडली असेल.

पण रिकामी जागा बघून हात शिवशिवतो हे बाईंनीच आम्हाला शिकवलं होतं. आठवडाभरात कुणीतरी तिथं 'लक्ष्मी' लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते नव्हतं. मग कुणी 'अनंता' लिहिलं, कारण भूकंपाच्या आधीच्या रात्रीच गणपती बोळवले होते. तेही गेलं. 'गौरी' आलं आणि गेलं. मी मागचं सगळं उघडून बघितलं तर पुसणार म्हणून एकच नाव होतं, ग्रंथपाल. ज्या बाईंनी पोरांचे बदामसुद्धा पुसले नव्हते, फक्त खाली सरकवले होते, त्या इथं पुसत बसल्या होत्या.

कवठाळीचे भुजंगराव तावातावानं आले. मोठ्या आवाजाचा माणूस, फेट्याचं टोक खांद्यावर टाकून बोलायचा. 'लक्ष्मी' त्यांनीच लिहिलं होतं. ते काउंटरवर माझ्यावरच घसरले की आमच्या गावाचं लिहिलेलं पुसणारं हे कोण टिकोजीराव. मीही कमरेला पदर खोचला. म्हटलं, आवाज खाली, हे वाचनालय आहे, तुमची चावडी नाही. तेवढ्यात बाई आतनं आल्या आणि पुसलं ते मीच, असं म्हणाल्या. भुजंगराव जरा नरमले. म्हणाले की बिननावाचं लेकरू बरं दिसत नाही, ज्या लेकराला कुणी उरलं नाही त्याला गावानं नाव दिलं तर कुणाचं काय बिघडलं.

"तिचं नाव ठरलेलं हाय," बाई म्हणाल्या. "फक्त मला ठाव न्हाई."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी 'हाय' आणि 'न्हाई' पहिल्यांदा ऐकलं. नाहीतर बाईंची भाषा छापील पुस्तकाची.

"तुमाला कसं ठाव असंल? तुमी कोण?"

"मी चंद्रप्पाची बायको."

भुजंगराव तसेच उभे राहिले. मग बाकावर बसले आणि फेटा काढून मांडीवर ठेवला. म्हणाले की त्या घराचे दगड उपसायला मी होतो, तुला बाहेर काढताना पाय मीच धरले होते, तोंडावर सगळी माती होती, दवाखान्यात नेल्यावर तू जगलीस हे गावाला कळलंच नाही, म्हणून पोरी तुला ओळखलं नाही. बाईंनी मान हलवली. मी तिथंच काउंटरला धरून उभी होते आणि माझ्या डोळ्यांतनं पाणी चाललं होतं. बाईंच्या डोळ्यांत काही नव्हतं.

त्या दिवशी मी तोंडाचं कुलूप काढलं आणि सरळ विचारलं. बाईंनी सांगितलंही, गार चहा पुढं घेऊन, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं. बाईंना आई नव्हती म्हणून बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. पितृपंधरवडा लागायच्या आत, पौर्णिमेला बारसं उरकायचं ठरलं. पाळणा बांधून झाला होता. घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले होते. नाव आत्यानं ठेवायचं, म्हणजे चंद्रप्पाच्या थोरल्या बहिणीनं, गौरम्मानं. त्या उदगीरला दिलेल्या. त्यांनी नाव मनात ठरवलं होतं आणि कुणाला सांगत नव्हत्या, कारण पाळण्यातल्या लेकराच्या कानात जायच्या आधी नाव बाहेर फोडत नाहीत. चंद्रप्पानं फोडायचा लई प्रयत्न केला, बहिणीला चिडवून बघितलं, पण तिनं दाद दिली नाही. पौर्णिमेला पहिल्या गाडीनं त्या येणार होत्या. गाव गेलं ते त्या पहाटे.

गौरम्मा कुंची आणि वाळे घेऊन निघाल्या होत्या, त्या थेट दगडांच्या ढिगाऱ्यापाशी पोचल्या. नंतर बाईंना भेटायला दवाखान्यातही आल्या. बाईंनी भिंतीकडं तोंड फिरवलं. गौरम्मा बसल्या, उठल्या आणि गेल्या. पुन्हा कुणी कुणाकडं गेलं नाही. मी विचारलं, का हो फिरवलं तोंड? बाई म्हणाल्या, माहीत नाही. मग म्हणाल्या, "ते नाव एकाच माणसापाशी आहे, आबेदा. अक्का गेल्या असतील तर नावही गेलं. जिवंत असतील आणि विसरल्या असतील तर मी काय करू?"

मी त्यांचा चहा उचलून गरम करून आणला. तो मात्र त्यांनी गरम असतानाच प्याला.

मी हे भुजंगरावांच्या कानावर घातलं आणि पुढचं काम त्यांनी केलं. ह्या विकीत प्रत्येक पानाच्या मागं एक चर्चेचं पान असतं. एखाद्या गोष्टीवर एकमत होत नसेल तर तिथं बोलायचं. भुजंगरावांनी पुनमला शेजारी बसवून तिथं लिहून घेतलं की चंद्रप्पाची बहीण गौरम्मा, उदगीरला दिलेली, कुणाला माहीत असेल तर कळवावं, त्यांच्या भाचीचं नाव ठेवायचं राहिलंय. बाईंनी ते वाचलं. मी टक लावून बघत होते की आता पुसतात का. त्यांचा हात माउसवर होता. त्यांनी पुसलं नाही.

दिवस गेले. काहीच आलं नाही. बाई रोज वाचनालय उघडलं की आधी ते पान बघायच्या. आधी त्या झाडलोट बघायच्या, आता पान बघायच्या, एवढाच फरक. मीच बेचैन असायची. मनात आलं की उदगीरला जाऊन दारोदार विचारावं. सुट्टी टाकायचं ठरवलंही होतं.

ते करायची वेळ आली नाही. पुनमनं एका दुपारी टेबलावर ते चर्चेचं पान पोरींना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि आमची झोपाळू रुद्राणी पुस्तकावरनं डोकं उचलून म्हणाली की माझ्या अज्जीचं नाव गौरम्मा आहे, आणि तिचं माहेर भूकंपात गेलंय. गावाचं नाव तिला माहीत नव्हतं, कारण अज्जी माहेरचा विषय निघाला की उठून जायची. तिनं तिथंच फोन लावला. मी कान देऊन उभी. पलीकडनं खणखणीत आवाज आला की कुणी काही लिहू नका, मी येते. आणि फोन बंद झाला.

गौरम्मा दुसऱ्याच दिवशी आल्या. रुद्राणीनं त्यांना स्टँडवरनं आणलं, बाईंच्या खोलीत सोडलं आणि बाहेर जाऊन आपल्या खुर्चीवर बसली. परीक्षा जवळ आली होती, म्हणजे पुस्तकावर कपाळ. गौरम्मा उंच, कपाळभर विभूती, हातात कापडात बांधलेला डबा. बाई उठून उभ्या राहिल्या. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि मी दारात आडवी उभी राहिले, कुणी आत येऊ नये म्हणून.

गौरम्मा म्हणाल्या की दवाखान्यात तू भिंतीकडं तोंड केलंस, मला वाटलं तुला माझं तोंड बघायचं नाही, ज्या आत्याला एक गाडी आधी येता आलं नाही तिचं तोंड कोण बघेल. त्यांचा आवाज भरून आला होता. बाईंचा आला नाही. त्या म्हणाल्या, "अक्का, तुमी बोलला असता तर नाव कळलं असतं. कळलं असतं तर हाक मारावी लागली असती. वो कोण देणार होतं?"

गौरम्मांनी डबा टेबलावर ठेवला. मी संगणकाची खुर्ची पुढं केली, वाटलं सांगतील आणि लिहून होईल. त्यांनी खुर्चीकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "नाव आधी कानात जातंय, मग गावात. लेकराचा कान न्हाई ते मला बी दिसतंय. आईचा चालंल."

त्यांनी बाईंचं डोकं दोन्ही हातांनी आपल्याकडं ओढलं, कानाशी तोंड नेलं, 'कुर्रर्र' केलं आणि नाव सांगितलं. मला ऐकू आलं नाही. आमच्या गल्लीत मी कितीतरी बारशी खाल्ली आहेत. आत्यानं नाव ठेवलं की तिच्या पाठीत धपाटे घालतात हे मला ठाऊक आहे. रीत राहू नये म्हणून मी पुढं झाले, पण त्याआधी बाईंचा हात उठला. पहिला धपाटा त्यांनी शिक्का मारावा तसा मारला, नीट, एकच. मग दुसरा जोरात. मग त्या दोन्ही मुठींनी मारायला लागल्या आणि त्यांच्या घशातनं आवाज यायला लागला. असा आवाज मी कुणाचा ऐकलेला नाही आणि परत ऐकायची माझी इच्छा नाही. गौरम्मा पाठ वाकवून उभ्या राहिल्या आणि 'मार, अजून मार' म्हणत राहिल्या. हॉलमधल्या पोरांनी पुस्तकांवरनं माना वर केल्या. मी दार लावून घेतलं.

बाई लई वेळ रडल्या. मीही रडले, गौरम्माही रडल्या. मग बाईंनी तोंड धुतलं, संगणकापुढं बसल्या, कवठाळीचं पान उघडलं आणि रिकाम्या जागेत स्वतः अक्षरं टाइप केली. मी खांद्यावरनं वाचलं. तिथं 'रुद्राणी' लिहिलं होतं.

मी गौरम्मांकडं बघितलं. त्या म्हणाल्या की ठरवलेलं नाव तोंडातल्या तोंडात राहिलं, त्याचा मला त्रास व्हायला लागला, म्हणून पुढं लेकाला मुलगी झाली तेव्हा तिला ठेवलं. का ठेवलं ते घरात कुणाला सांगितलं नाही. पोरगी दीड वर्ष बाईंच्या डोळ्यांसमोर बसत होती हे त्यांनाही माहीत नव्हतं. बाईंनी पानावर खाली 'सांगणार : आत्या' असं घातलं.

डब्यात घुगऱ्या होत्या. गौरम्मांनी पहाटे उठून शिजवल्या होत्या. मी कागदाचे तुकडे केले आणि हॉलमधल्या सगळ्या पोरांना मूठमूठभर वाटल्या. कशाच्या म्हणून एकानं विचारलं. म्हटलं, बारशाच्या आहेत, खा गुपचूप. पोरांनी खाल्ल्या आणि परत मागितल्या.

बंद करायची वेळ झाली. पोरं दप्तरं भरून निघाली. रुद्राणी तशीच, कपाळ पुस्तकावर आणि तोंड किंचित उघडं, शेजारी घुगऱ्यांचा कागद. मी उठवायला निघाले तर बाईंनी माझा दंड धरला. त्या स्वतः गेल्या. नेहमीसारखा खुर्चीला हात लावला, पण धक्का दिला नाही. नुसत्याच उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ हलले आणि आवाज फुटला नाही. मी मनात म्हटलं, या अल्लाह, आता एवढं होऊ दे.

"रुद्राणी," बाईंनी हाक मारली.

पोरीनं डोळे न उघडताच वो दिली.